बाहेरचा बाक

एकोणीसशे शहात्तर साल. माझं वय चोवीस, नोकरी तात्पुरती आणि वेणी कमरेपर्यंत. या तिन्हींतलं आता काहीच उरलं नाही. पण त्या वर्षीचा तो बाक मात्र अजून जसाच्या तसा दिसतो. हिरवा रंग, एक पाय आखूड, आणि तीन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी लांबी.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फार कमी बोलत. त्यांनी शाळा समितीला एक नियम घालून दिला होता. समितीत शिक्षकही असत आणि पालकांचे प्रतिनिधीही. प्रत्येक विषयाआधी मोठ्या बाई विचारत, "यात कोणाचा संबंध?" ज्याचा असेल त्यानं मुकाट्यानं उठायचं, संबंध काय ते सांगायचं, आणि चर्चा संपेपर्यंत बाहेर त्या बाकावर जाऊन बसायचं.

एका शनिवारी दुपारी मी चाळीस वह्यांचा ढीग छातीशी धरून व्हरांड्यातून धावत निघाले होते. वळणावर वरची वही घसरली... आणि बाकावर बसलेल्या एका माणसानं ती अलगद झेलली. तिशीच्या आतबाहेरचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पालकच असणार. शनिवारी इथं बसवलेले पालक म्हणजे हमखास कोणाच्या तरी खोडीबद्दल बोलावलेले.

"कोणाची तक्रार आहे?" मी विचारलं. "मुलाची की मुलीची?"

"माझीच," तो म्हणाला. "मला बाहेर काढलंय."

मग उलगडा झाला. मुलांचे डोळे तपासायचं काम कोणाला द्यायचं यावर आत चर्चा चालली होती. हे होते पालक प्रतिनिधी, आणि गावात यांचंच चष्म्याचं दुकान. यांची बहीण दूरच्या इस्पितळात नर्स होती, म्हणून भाची यांच्याकडे राहून शिकत होती. आणि ती भाची, चौथीतली माझी सगळ्यात बडबडी विद्यार्थिनी.

मी वही घ्यायला हात पुढे केला, तर ते माझ्या तोंडाकडेच बघत राहिले. "बाई, तुम्हाला लांबचं नीट दिसत नाही का?"

"दिसतं की. का?"

"मघापासून डोळे बारीक करून बघताय."

"ते मी रागानं बघत होते."

"मग राग दोन डोळ्यांत सारखा नाही," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "डावा जास्त रागावलाय."

मी फणकाऱ्यानं निघाले खरी, पण जिना उतरेपर्यंत हसू काही आवरलं नाही. आणि जिन्याखालचा सूचनाफलक एक डोळा मिटून वाचून पाहिला, तर... उजव्याला अंधुक, आणि डाव्या डोळ्याला खरंच सगळं धूसर.

आठवडाभर धीर गोळा करून मी त्यांच्या दुकानात गेले. काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या फ्रेमी, भिंतीवर खाली खाली बारीक होत गेलेली अक्षरं. मला वाटलं, आता खुर्चीवर बसवतील, जवळ येऊन डोळ्यांत बघतील. त्यांनी मला पाहिलं, उभे राहिले, आणि उघडा खण बंद केला.

"तुमचा चष्मा मी नाही करणार."

"का? गिऱ्हाईक आवडलं नाही?"

"तेच तर..." ते थांबले, मग घाईनं म्हणाले, "भाचीचं प्रगतिपुस्तक तुमच्या हातात. मी तुम्हाला सवलत दिली तरी लोक बोलणार, नाही दिली तरी बोलणार. पलीकडच्या गल्लीत माझा शत्रू बसतो. काम चांगलं करतो. फक्त माझं नाव सांगू नका, मुद्दाम उशीर लावेल."

मी शत्रूकडून चष्मा करून घेतला. तो घालून बाहेर पडले तेव्हा समोरच्या झाडाला पानं होती! एकेक, वेगळी, कडांसकट. आणि संध्याकाळी भाचीला न्यायला मामा फाटकाशी आले, तेव्हा पहिल्यांदाच दिसलं, की त्यांच्या भुवईपाशी एक छोटा व्रण आहे, आणि माझ्याशी बोलताना त्यांचे कान लाल होतात.

"उजवीकडे वर गेलीय," ते म्हणाले.

"काय?"

"फ्रेम. जरा वाकवली की बसेल."

"मग वाकवा ना."

त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. "मला नाही चालणार."

हे असं वर्षभर चाललं. रोज फाटकाशी ते यायचे, माझ्या चष्म्याकडे बघून कळवळायचे आणि हात खिशात घालायचे. मी मुद्दाम मान तिरकी करून बोलायची. एकदा भाचीनंच वैतागून विचारलं, "मामा, तू बाईंच्या नाकाकडे का बघत असतोस?" दोन दिवस मामा फाटकाबाहेरच्या झाडाखाली उभे राहिले.

मग मार्च आला, आणि माझ्या नोकरीचा प्रश्न. दोन वर्षं तात्पुरती झाली होती. आता समितीनं कायम करायचं, नाहीतर खोली सोडून आईवडिलांकडे परत जायचं, दुसऱ्या गावी, दिवसभराच्या अंतरावर. वर्ग सुटणार, आणि... फाटकही सुटणार. समितीत मतं सात. समसमान झाली तर प्रस्ताव पडला. समितीतल्या शिवणाच्या बाईंनी मला बोटांवर मोजून दाखवलं. तीन माझ्या बाजूनं. तीन विरुद्ध, त्यांचे पुढारी पालक प्रतिनिधी वकीलसाहेब. माझ्या वर्गात फार हसण्याचा आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं. "आणि सातवं मत चष्मेवाल्यांचं," शिवणाच्या बाई डोळे मिचकावून म्हणाल्या. "झालंच की तुझं काम."

त्या शनिवारी बाकावर मी बसले होते. विषय माझाच, म्हणून आत जायची सोय नव्हती. दार नीट लागत नसे, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. हातातला रुमाल मी पिळून पिळून दोरी करून टाकला होता.

"यात कोणाचा संबंध?" मोठ्या बाईंचा आवाज.

खुर्ची सरकली. "माझा आहे."

तो आवाज मी ओळखला. सातवं मत उठलं होतं.

वकीलसाहेब म्हणाले, भाची बाईंच्या वर्गात आहे हे वर्षभर सगळ्यांना ठाऊक आहे, तेवढ्यासाठी उठायचं कारण नाही.

"भाचीचा नाही. माझा."

"नातं काय लिहू?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मी बाकाच्या टोकाला, दाराकडे सरकले.

"नातं अजून नाही," ते म्हणाले. "व्हावं अशी इच्छा आहे. बाईंना विचारलेलं नाही."

लेखणीची कुरकुर ऐकू आली. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "लिहिलं. बाहेर बसा."

ते बाहेर आले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आखूड पाय टक्कन वाजला. मला एकाच वेळी नाचावंसं वाटत होतं आणि त्यांना बदडावंसंही.

"अहो, हे काय केलंत तुम्ही? तुमच्या एका मतावर माझी नोकरी होती."

"माहीत आहे."

"मग मतदान झाल्यावर बोलायचं. अर्ध्या तासानं काय बिघडलं असतं?"

"अर्ध्या तासानं तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी मत शिक्षिकेला दिलं की कोणाला, ते मलाच कळलं नसतं." ते बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते. "आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं... तर माझ्या मतानंतर तुम्हाला ते म्हणता आलं नसतं."

माझ्या चष्म्याच्या काचाच ओल्या झाल्या.

आत मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं, "आणखी कोणाचा संबंध? नीट आठवा." मग दुसरी खुर्ची सरकली, पहिलीपेक्षा पुष्कळ सावकाश.

"माझ्या पुतणीचा अर्ज आलाय," वकीलसाहेब खाकरले. "याच जागेसाठी. सांगायचं राहून गेलं."

दार उघडलं. बाहेर येऊन ते आम्हा दोघांकडे बघत उभे राहिले. बाकावर जागा उरली होती ती मधलीच.

"सरका जरा," ते म्हणाले, आणि आमच्यामध्ये बसले. रुमालानं कपाळ पुसलं, छताकडे नजर लावली. "तुमचं चालू द्या. माझा या विषयात काही संबंध नाही."

हसू दाबता दाबता माझा जीव चालला होता. मी पुढे वाकून, वकीलसाहेबांच्या पोटापलीकडे बघत म्हटलं, "अहो, माझी फ्रेम उजवीकडे वर गेलीय का?"

"वर्षभर," ते हळूच म्हणाले.

"मग सरळ करून द्या. आता लिहून झालंय."

मी चष्मा काढला. वकीलसाहेबांनी छतावरची नजर न काढता तो माझ्याकडून घेतला आणि पलीकडे दिला. धूसर जगात मला एवढंच दिसलं, की कोणाची तरी बोटं काडीवरून फिरताहेत... थांबताहेत... काचांवर हलकेच फुंकर घालताहेत. मग त्याच वाटेनं चष्मा परत आला. काडी अजून कोमट होती. मी तो घातला, मान अगदी सरळ ठेवून त्यांच्याकडे बघितलं, आणि हो म्हटलं.

दार उघडून शिवणाच्या बाईंनी डोकं बाहेर काढलं. तीन विरुद्ध दोन. मी कायम झाले होते.

जूनमध्ये लग्न झालं. त्याआधी यांनी समिती सोडली, आणि नव्या वर्षी तिच्या वर्गाबरोबर मीही पाचवीला गेले, म्हणून भाचीला दुसऱ्या तुकडीत घातलं. तिनं आठ दिवस अबोला धरला. लग्न मामाचं आणि वर्ग माझा का बदलला, हा तिचा सवाल बिनतोड होता. वकीलसाहेब लग्नाला आले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, की हे जमलं तेव्हा मी मध्येच बसलो होतो. त्यांची पुतणी दोन वर्षांनी रीतसर आमच्याच शाळेत आली आणि माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. मोठ्या बाई निवृत्त होताना ती नोंदवही माझ्या हातात देऊन गेल्या. 'नातं अजून नाही' असं लिहिलेलं ते पान मी पुढे मुख्याध्यापिका झाल्यावरही अधूनमधून काढून वाचायची. बाकाचा पाय मी कोणाला दुरुस्त करू दिला नाही.

यांचे हात आता थोडे कापतात. दुकान भाची बघते. गेल्या महिन्यात डोळे तपासायला मी तिच्याकडे गेले, तर तिनं उभं राहून खण बंद केला. "मामी, तू पलीकडच्या गल्लीत जा. माझा संबंध आहे."

गेले. शत्रूच्या नातवानं चष्मा केला. घरी येऊन तो घातला, तर हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "उजवीकडे वर गेलीय. दे इकडे."