कोरडी दोरी

दर मंगळवारी सकाळी दहाला आम्ही तळ्यावर जायचो. मी पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि होडी वल्हवायला माझे सासरे. त्यांचा जन्म मासेमारीत गेलेला. तळ्यातले मासे संपले तसं जाळं माळ्यावर गेलं आणि विभागाने त्यांना होडीवर घेतलं. घरात आमचं बोलणं जेमतेम. होडीत मात्र मामंजी माझी मनसोक्त टिंगल करायचे. "चाळीस वर्षं या पाण्यात हात घातला, आणि ते कसं आहे हे आता सूनबाईची थाळी सांगणार!"

थाळी म्हणजे लोखंडी चकती. वरून पांढरी, खालून काळी. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईल तिथली खोली लिहायची. पाणी किती नितळ आहे हे त्यावरून कळतं. आमची चकती वीतभर गेली की गडप. गटारांचं पाणी आणि शेतांतलं खत वर्षानुवर्षं तळ्यात येत होतं, आणि त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ नुसतं माजलं होतं. गटारं वळवावीत म्हणून मामंजींनी सात वर्षं अर्ज केले, दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या. शेवटी ती वळवली गेली. मग फॉस्फरस पकडून तळाशी बसवणारी माती आम्ही होडीतून पाण्यावर फवारली.

तळं सुधारलं. चकती एक मीटरपर्यंत दिसायला लागली, मग दोन. बोटभर मासे परतले. एका मंगळवारी ती तळाला टेकलेली दिसली आणि मामंजींनी बाहीने डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

दोरीवर दर अर्ध्या मीटरला लाल खूण होती. तळ्याची सगळ्यात जास्त खोली चार मीटर. त्या दिवशी खूण साडेचारची निघाली. दोरी तिरकी गेली असेल म्हणून मी चार लिहिलं.

पुढच्या मंगळवारी चकती पाच मीटरवर स्वच्छ दिसली. सहावर, आठवरही. दहाला दोरी संपली. खाली चकती बटणाएवढी दिसत होती, लोंबकळत होती. मामंजींनी लांब बांबू पाण्यात घातला. एरवी तो गाळात रुतून बसायचा. आज त्यांचा हात खांद्यापर्यंत बुडाला तरी काही लागेना.

"ओढ वर," ते म्हणाले.

वरची चार मीटर दोरी ओलीचिंब आली. त्याखालची कोरडी होती. एवढ्या पाण्यातून वर आलेली दोरी कोरडी असूच शकत नाही, हे मला कळत होतं. तरी ती तळहातांना खरखरत होती. चकतीवर धूळ होती. बंद खोलीतल्या सामानावर बसते तशी, बारीक, करडी. आणि त्या धुळीत बोटांनी ओढलेल्या चार रेघा. मी त्यांवर माझी बोटं ठेवून पाहिली. पुरली नाहीत.

"दोरी बदला," कचेरीत विभागाचे साहेब म्हणाले. "कागदोपत्री खोली चार मीटर आहे. येत्या रविवारी सुधारलेल्या तळ्याचं उद्घाटन आहे, शाळेची मुलं पोहायला उतरणार आहेत. उगाच घोळ घालू नका."

बुधवारी मामंजींनी माळ्यावरून जाळ्याचा दोर काढला. चाळीस मीटर. चकती त्यांनी स्वतः बांधली. ऊन लख्ख होतं, वारा नव्हता. एकतिसाव्या मीटरला दोर सैल पडला. खाली टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका स्थिर झाला.

आम्ही वाकून बघत होतो.

ठिपका काळा झाला.

"उलटली," मी म्हटलं.

मामंजींच्या मुठीत दोर हलला. हलकेच. डावीकडे, मग उजवीकडे.

मग हलका झाला.

त्यांनी भराभर ओढला. टोकाला चकती नव्हती. दोर तुटला नव्हता. गाठ सुटली होती, तिचे पीळ दोरात अजून तसेच होते.

"ही गाठ सोडायला दोन्ही हात लागतात," मामंजी म्हणाले. आणि त्यांनी होडी किनाऱ्याकडे वळवली.

घरी नवऱ्याने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. साहेबांकडे मी पुन्हा गेले, चकती हरवल्याचं सांगितलं. त्यांनी नव्या चकतीच्या मागणीचा फॉर्म पुढे सरकवला.

गुरुवारी सकाळी मामंजी घरात नव्हते. मी धावतच तळ्यावर गेले. ते धक्क्यावर उभे होते. शेजारी खताची पोती रचलेली, दोन रिकामी, आणि तिसऱ्यातलं खत ते घमेल्याने पाण्यात ओतत होते. सात वर्षं ज्यांनी या तळ्यासाठी चपला झिजवल्या, ते.

"मामंजी! काय करताय हे?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "पोरं उतरणार आहेत ना गं," एवढंच म्हणाले. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

उन्हाने काम केलं. रविवारी पाण्यावर हिरवट तवंग होता. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पोहायला मनाईची पाटी लागली. "एवढा फॉस्फरस आला कुठून?" त्यांनी विचारलं. गटारं तपासायला हवीत, असं मी म्हटलं.

मंगळवारी दहाला आम्ही धक्क्यावर गेलो, पण होडी सोडली नाही. तळं या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार होतं. फक्त मधोमध दाराएवढी जागा स्वच्छ होती. वाऱ्याने तिथे शेवाळ सरकायचं, आणि पुन्हा जागा मोकळी व्हायची. एका बाजूने दुसऱ्या बाजूला, सावकाश, मन लावून. काचेवरची वाफ आतून कुणी हाताने पुसत असावं, तशी.