शेजारच्या सीटचा ब्रेक

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटत नसेल तर त्यानं इथेच सोडून द्यावी. त्या अपघाताचा सरकारी अहवाल सगळ्यांना पटला होता आणि त्यात एक वाक्य खरं नव्हतं. तेव्हा कशावर विश्वास ठेवायचा, ते ज्याचं त्यानं बघावं.

घडलं ते माझ्या मामांच्या बाबतीत.

सोमवार होता. संध्याकाळचे साडेसहा. जागा, पाण्याच्या उंच टाकीमागचा सरळ, रिकामा रस्ता.

मामा सव्वीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गोंधळला की मास्तरनं तो दाबायचा.

मामा तो दाबत नसत.

"ज्याला स्वतःचा ब्रेक लागतो, तो मास्तर कसला?" असं ते म्हणत. गाडी अकरा वर्षांची, पण त्यांच्या पेडलचं रबर नवंकोरं होतं. नवा शिकाऊ आला की त्याला वाकून ते बघायला लावत. लोक पदकं दाखवतात, मामा रबर दाखवत.

सायकलींबद्दलचा त्यांचा धडा एका ओळीचा होता. "दिसली की हॉर्न द्या. सरकते."

त्या सोमवारी स्टिअरिंगवर एक दंतवैद्य होते. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात निर्धास्त हात घालणारा माणूस, पण गिअरला घाबरायचा. पुढे एक सायकल चालली होती. दवाखान्यात रात्रपाळीला निघालेली नर्स. कडेनं, सरळ, मागे लाल दिवा लावून.

"हॉर्न द्या," मामा म्हणाले.

दंतवैद्यांनी दिला.

ती सरकली नाही. सरकणार कुठे? पलीकडे उघडं गटार होतं.

मामांचा पाय पेडलपासून वीतभर लांब होता.

वीतभरच.

ती जागीच गेली.

मामांनी जबाब दिला, "सायकल अचानक आडवी आली." दंतवैद्यांनी मान डोलावली. गावभर सगळ्यांनी डोलावली. कुणी म्हणालं, या सायकलवाल्यांना अक्कल नसते. कुणी म्हणालं, एवढ्या संध्याकाळी कशाला बाहेर पडायचं? जणू दवाखान्यातले पेशंट सकाळी ठरवून आजारी पडतात. मेली ती, आणि समज तिलाच.

सुनावणी महिन्यानं होती. तोवर नर्सची आई चौकशी कार्यालयाच्या बाकावर रोज येऊन बसायची. "माझी मुलगी आडवी जाणारी नव्हती, एवढं लिहा," म्हणायची. ते कुणी लिहिलं नाही. तिच्या डोक्यावरचा पंखा तेवढा लावून दिला.

आठवडाभरानं मामांनी परत शिकवणी सुरू केली. शाळेतल्या एक बाई शिकायला आल्या. भर सकाळ होती. पुढे एक दूधवाला सायकलवर चाललेला.

"हॉर्न द्या."

बाईंनी हात उचलला, आणि...

गाडी थांबली. हळूच. कुणी सराईत माणसानं थांबवावी तशी.

"मास्तर, घाबरवलंत की! दाबायचा होता तर सांगायचं ना."

मामांनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय मागे दुमडलेले होते.

पेडल खाली गेलेलं होतं.

मग ते सावकाश वर आलं... पाय काढून घेतल्यावर येतं तसं.

त्या आठवड्यात हे नऊ वेळा झालं. दरवेळी पुढे सायकल. दरवेळी आधी गाडीतला आवाज नाहीसा व्हायचा. इंजिन चालू, खिडकी उघडी, आणि ऐकू काहीच नाही... मग पेडल.

मामांनी गाडी मेकॅनिककडे नेली. तो खाली वाकला आणि हसायला लागला.

"मास्तर, पदक झिजलं की तुमचं!"

"काय?"

"रबर. पार गुळगुळीत झालंय. अकरा वर्षांत नाही झालं ते आठ दिवसांत? नाचता काय यावर?"

मामांना हसू आलं नाही. "काढून टाक ते पेडल."

"शिकवायच्या गाडीतलं?"

"काढ म्हणतो ना!"

मेकॅनिकनं पेडल मुळापासून काढलं आणि कागदात गुंडाळून मामांच्या हातात दिलं. मामांनी ते घरी आणून माळ्यावर टाकलं. मामी म्हणाल्या, "अहो, गाडीला काय झालंय?"

"गाडीला काही नाही."

"मग तुम्हाला?"

सुनावणीच्या आदल्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन टाकीमागे गेले. सगळे मनाचे खेळ आहेत, ही स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

साडेसहा वाजले होते. उजेड होता अजून.

पुढे एक लाल दिवा दिसला.

सायकल. कडेनं, सरळ.

मामांचा हात सवयीनं हॉर्नवर गेला. हॉर्न वाजला... म्हणजे त्यांनी दाबला. ऐकू आला नाही.

शेजारच्या रिकाम्या सीटपाशी आवाज झाला. धप्प.

गाडी थांबली. रस्ता मोकळा. सायकल नाही, काही नाही.

मामांनी गाडी पुढे काढली. पन्नास पावलांवर... लाल दिवा.

या वेळी त्यांनी हॉर्न दिला नाही, पण घाईनं बाजूनं काढायला गेले. धप्प.

परत रिकामा रस्ता. परत लाल दिवा.

किती वेळा, ते मामांना सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले, "नापास झालेल्या पोराला मी असाच पुन्हापुन्हा तोच वळसा घ्यायला लावायचो."

शेवटी ते सायकलच्या मागे, तिच्याच वेगानं चालवत राहिले. समोरून येणारा ट्रक जाऊ दिला. मग रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला जाऊन, एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा सोडून, पुढे गेले.

या वेळी गाडी थांबली नाही.

आरशात बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत मामा उभे राहिले. "ती सरळ चालली होती. मी ब्रेक दाबायला हवा होता. दाबला नाही."

चौकशी करणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, डोकं फिरलं काय? अहो, अहवालाचा फॉर्म छापील आहे. 'सायकल अचानक आडवी आली' हे आम्ही लिहीत नाही, ते आधीच छापलेलं असतं. वेळ वाचतो."

"मग खोडा."

"छापील मजकूर खोडता येत नाही."

अहवाल आला. मास्तरांची मनःस्थिती ठीक नसल्यामुळे नवा जबाब ग्राह्य धरलेला नाही, सायकल आडवीच आली. मामांचा परवाना मात्र काढून घेतला. तेवढ्यापुरता तोच जबाब ग्राह्य धरला!

मामा नर्सच्या आईकडे गेले. दारातच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"एवढं बोलायला महिना लागला?" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिचं काय चुकलं?

मला वाटलं, इथे हे संपलं. पण परवा त्या साहेबांचा ड्रायव्हर मामांना शोधत आला. चेहरा पांढराफटक. मी तिथेच बसलो होतो.

"मास्तर, साहेबांची गाडी टाकीमागे थांबते. आपोआप. अहवालावर सही केली त्या दिवसापासून, रोज."

"ब्रेक तपासून घे."

"तीनदा तपासले. साहेब मागून ओरडतात, हॉर्न दे, हॉर्न दे. अहो, पण समोर कुणीच नसतं... देऊ कुणाला?"

"साहेबांना उतरून बघायला सांग."

"उतरत नाहीत. काचसुद्धा खाली घेत नाहीत."

मामांनी त्याला चहा दिला. सल्ला दिला नाही.

मलाही कामासाठी त्याच रस्त्यानं जावं लागतं. माझी गाडी अजून कधी थांबलेली नाही. पण टाकी दिसली की मधेच काही ऐकू येईनासं होतं, आणि मी शेजारच्या सीटकडे बघत नाही.

अहवाल अजून बदललेला नाही. साहेबांची गाडी अजून थांबते.

साहेब आणि ती, दोघांत आधी कोण दमतं, ते बघायचं.