उपाशी पेशी आणि शेजारी

इन्क्युबेटरचं हँडल आम्ही दोघांनी एकदमच धरलं.

"तुमचं आधी," तो म्हणाला.

"नको, तुमचंच," म्हणत मी त्याच्या तोंडावर भलीमोठी जांभई दिली. प्रेमकथा अशा सुरू होत नाहीत, ठाऊक आहे मला. पण तेव्हा मी अगदी पार थकून गेले होते.

तो पलीकडच्या प्रयोगशाळेतला. पेशी वाढवायचा इन्क्युबेटर मात्र दोन्ही प्रयोगशाळांत एकच. म्हणून मी त्याला 'शेजारी' म्हणू लागले. माझं काम नेमकं काय, ते त्यानं हळूहळू माझ्याकडून काढून घेतलं. रक्तातल्या लढवय्या पेशींना ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल लागतं. ते मिळेनासं झालं की त्या भांडण सोडतात, परक्यालाही खपवून घेतात. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला याचा उपयोग होईल का, ते मी शोधत होते.

"म्हणजे तू त्यांना उपाशी मारतेस?"

"मारत नाही रे. गप्प करते."

"आणि तुला कोणी गप्प केलं?"

मी सूक्ष्मदर्शकात डोकं खुपसलं. कान मात्र तापले... खरंच होतं ते. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या, पुन्हा कर — मी हो म्हणायचे. आई म्हणायची, किती वाळलीस — त्यालाही हो. शुक्रवारी निकाल दिला नाही तर विषय दुसऱ्या कुणाला देऊ, असं मॅडमनी बजावलं, तेव्हाही मी मान डोलावली.

बुधवारी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर गप्प बसायला हव्या होत्या त्या पेशी घोळके करून वाढलेल्या!

"माझ्या ताटल्यांना कोणी हात लावला?"

"मी..." शेजारी दारात उभा होता. "ताटल्यांतला पोषक द्रव पिवळा पडला होता. तू काल इतकी दमलेली दिसलीस — म्हटलं, आपणच बदलावा. आमच्याकडचा नेहमीचा घातला."

"नेहमीचा? त्यात ट्रिप्टोफॅनसकट सगळं असतं! अरे, उपास हाच तर प्रयोग होता! महिनाभराची मेहनत पाण्यात घातलीस!"

माझा आवाज अख्ख्या मजल्यानं ऐकला. मीही कितीतरी महिन्यांनी ऐकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडमना मी सांगतो. चूक माझी आहे."

"काही नको. माझा विषय आहे, मीच बोलेन."

गेले तशीच. मॅडमना म्हटलं, मुदत वाढवून द्या, हा विषय मी सोडणार नाही. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि महिना वाढवून दिला.

तो बाहेरच उभा होता.

"मिळाली मुदत. आता पुन्हा माझ्या ताटल्यांना हात लावलास ना —"

"नाही लावणार. शप्पथ." मग हळूच, "पण मग हा हात ठेवू कुठे?"

काय आगाऊ माणूस! मी माझा हात पुढे केला.

"इथे ठेव. मला तू आवडतोस. पण राग गेलेला नाही, सांगून ठेवते."

"असू दे," माझी बोटं घट्ट धरत तो म्हणाला. "तू गप्प असायचीस ना... त्याची मला जास्त भीती वाटायची."