लाल लोकरीची गाठ

संध्याकाळच्या गोळ्या वाटायला ताई ट्रॉली ढकलत पॅसेजमधून निघाली होती. जोडीदारीण आलीच नव्हती, त्यामुळे अख्खा मजला तिच्या एकटीच्या गळ्यात पडला होता. वृद्धनिवासातले सगळे तिला ताईच म्हणत, तिच्या आजोबांच्या वयाचे होते तेसुद्धा. ती चिडायची नाही. चिडायला फुरसत हवी ना!

पॅसेजच्या टोकाला मास्तरीणबाईंची खोली. बाईंना हल्ली काही म्हणता काही आठवत नसे. पण दिवस कलला की एक गोष्ट हमखास आठवायची. शाळा सुटली, लेक फाटकाशी वाट बघत असेल! मग त्या अनवाणीच मागच्या दाराकडे निघत. दाराबाहेर उतार होता आणि उताराखाली ट्रकांचा रस्ता. त्या लेकीला आता नातवंडं झाली होती, पण हे बाईंना सांगून उपयोग नव्हता.

बाईंना सांभाळायची ती शेजारच्या पलंगावरची लोकरआजी. दिवसभर तिच्या सुया चालू असत. डुलकी काढण्याआधी ती लाल लोकरीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधायची, दुसरं बाईंच्या. बाई उठल्या की आजीला ओढ बसे. डोळेही न उघडता ती म्हणायची, "बाई, अजून घंटा व्हायचीय." आणि बाई मुकाट खाली बसायच्या.

मॅनेजरबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आकाशपाताळ एक केलं. इथं कुणालाही बांधायचं नाही, असा नियम होता, आणि नियम बरोबरच होता. पण आजीची गाठ सैल असायची, बोट घातलं की सुटणारी. ताईनं तिकडे काणाडोळा केला.

आजी वारली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं ताईचा हात धरला होता.

"पोरी, माझ्यामागे हिला कोण गं?"

"मी आहे ना, आजी."

नंतर आजीचा मुलगा येऊन सगळं सामान घेऊन गेला, लोकरीच्या गुंड्यांसकट. मागच्या दाराला विजेची घंटी बसवली गेली. दार उघडलं रे उघडलं की ती केकाटायची.

आज बाहेर धुकं उतरलं होतं. ताई मधल्या खोलीशी पोचली आणि वीज गेली. पाठोपाठ बाथरूममधून धप्पकन आवाज आला. पैलवान आजोबा घसरले होते. नावाचेच पैलवान, अंगानं पाप्याचं पितर.

"कुस्ती हरलो गं, ताई..." ते कण्हले.

ताईनं अंधारात खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कुठे लागलंय ते चाचपत असताना तिला एकदम आठवलं. वीज नाही, म्हणजे दाराची घंटीही नाही. आणि बाई उठायची हीच वेळ.

तेवढ्यात तिच्या मनगटाला ओढ बसली. अगदी हलकी. ओल्या लोकरीचा वास आला.

"आजोबा, हात सोडा माझा."

"मी कुठे धरलाय...?"

दुसरी ओढ जोराची होती. ताईनं त्यांच्या डोक्याखाली टॉवेल सारला, "हलू नका, आलेच," म्हणाली आणि धावत सुटली.

मागचं दार सताड उघडं होतं. धुकं पॅसेजमध्ये शिरलं होतं. उताराच्या अगदी कडेला बाई उभ्या होत्या. एक पाऊल पुढे टाकलेलं, डावा हात मात्र मागे ताणलेला, कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. खालून एक ट्रक गडगडत गेला.

"बाई..." ताई दाराबाहेर आली.

"ही सोडतच नाहीये," बाई कुरकुरल्या. "म्हणते, घंटा व्हायचीय..."

ताईनं त्यांना घट्ट मिठी मारली आणि तिला रडूच कोसळलं. मग त्यांना आत आणलं, दाराला कडी घातली, पलंगावर निजवलं. पैलवान आजोबांनाही उठवलं. नशिबानं हाडं शाबूत होती.

वीज आली तेव्हा ती बाईंच्या अंगावर पांघरूण घालायला परत गेली. बाईंच्या डाव्या मनगटाला लाल लोकर होती. धागा शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे गेला होता आणि धुतलेल्या चादरीखाली शिरला होता. तो ताणलेला होता. ताईनं ओढून पाहिला. पलीकडून हलकीच ओढ आली.

ताई घाबरली. पण भीतीपेक्षा तिला त्या म्हातारीची माया जास्त दाटून आली.

"आजी... आता सोडा. मी आहे ना."

बराच वेळ काही झालं नाही. मग धागा सैल पडला. तिनं तो हळूहळू ओढून घेतला. चादरीखालून त्याचं दुसरं टोक आलं. टोकाला मनगटाएवढा फास होता, अजून ऊबदार.

बाई झोपेत कुशीवर वळल्या. नियम ताईला पाठ होता. ती रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं फासात हात घातला.

गाठ तिनं ओढली नव्हती. तरी ती हळूच आवळली, मनगटाला नीट बसली, आणि थांबली.