गळालेली ओळ

मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या काकांचा घसा बसला, म्हणून मालकांनी बाइंडिंगमधला एक जण उचलून तिच्या टेबलासमोर आणून बसवला. छापखान्यात प्रुफं तपासायचं काम तिचं; तिला सगळे वेलांटी म्हणत, कारण चुकलेली वेलांटी तिच्या पेन्सिलीतून सुटणं शक्य नव्हतं. समोरच्याला सगळे नुसतंच बाइंडर म्हणत. नखांभोवती वाळलेली खळ, आणि आवाज... आवाज असा, की पहिल्याच पानावर वेलांटीने दोन चुका सोडल्या.

"विरामचिन्हंसुद्धा वाचायची," तिने दटावलं. "तुमच्या वाचण्यावरून मी प्रूफ तपासते."

"म्हणजे मी बोलायचं आणि तुम्ही मुकाट ऐकायचं पूर्णविराम"

"प्रश्न होता ना तो? मग प्रश्नचिन्ह."

"चुकलो स्वल्पविराम बाई पूर्णविराम"

हसू दाबायला तिने प्रूफात डोकं खुपसलं.

पुस्तक लग्नावर होतं. दोन धर्मांचे दोन विद्वान, आधी तिच्या धर्माचे, मग त्याच्या. तिचे म्हणत, लग्न हे देवासमोर बांधलेलं नातं, ते माणसाने सोडवायचं नाही. त्याचे म्हणत, लग्न हा दोन माणसांमधला करार, मुलगी स्वतःच्या तोंडाने हो म्हणेपर्यंत तो होतच नाही. वेलांटीला दोन्ही पटलं. म्हणजे सोमवारी पहिलं पटलं, गुरुवारी दुसरं, आणि शनिवारी डोक्याचा पार भुगा झाला. पानोपानी भांडणाऱ्या या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: दुसऱ्या धर्मातलं माणूस लग्नासाठी हवं असेल, तर त्याने आधी आपल्याकडे यावं.

दुपारी डबा उघडण्याआधी बाइंडर डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा, जेमतेम दोन ओळी. तेवढा वेळ वेलांटीही घास हातात धरून थांबायची. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, एकशे चाळिसाव्या पानावर, तो नेहमीच्या सपाट सुरात वाचत होता.

"संमती स्पष्ट शब्दांत असावी पूर्णविराम मौन पुरेसं नाही पूर्णविराम तू माझ्याशी लग्न करशील का प्रश्नचिन्ह"

तिने पेन्सिल खालीवर फिरवली. ओळ सापडेना. समासात खूण करून तिने लिहिलं, 'ओळ गळाली'.

"परत वाचा. माझ्याकडे आलेली नाही."

"मूळ प्रतीतही नाहीये," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

वेलांटीने खोडरबर शोधलं. सापडलं तेव्हा ते कशाला हवं होतं, तेच तिला आठवेना.

"आणि... धर्माचं काय?"

"मी येतो ना तुझ्याकडे. नाव बदलेन, म्हणशील ते बदलेन. ठरवूनच बसलोय."

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. आली भलतीच चीड.

"डब्यासमोर डोळे मिटतोस, ते पण सोडशील?" तिचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

"तू म्हणशील तर."

"मी कशाला म्हणेन? तेच बघून तर —"

"तेच बघून तर काय?"

"काही नाही. सगळा बदललास, तर मी लग्न कोणाशी केलं, हे मला कळायचं नाही. एवढंच."

"मग तू येतेस आमच्याकडे?"

"रोज संध्याकाळी बाबांशेजारी बसून प्रार्थना म्हणते मी. ती मला सोडता येणार नाही. म्हणजे... हो आहे माझं. तुला हो आहे. बाकी सगळा गोंधळ आहे."

"'हो' अगदी स्पष्ट होतं," तो म्हणाला. "पुढचं मी ऐकलंच नाही."

नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न केलं, तर कुणालाच काही बदलावं लागत नव्हतं. फक्त दोन्ही घरं नाराज होणार होती. त्याच्या आईने ऐकल्या क्षणापासून अबोला धरला. आता पाळी बाबांची. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांनीही बोलणं टाकलं तर?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो आपल्यात येणार?"

"नाही."

"मग तू त्यांच्यात जाणार?"

"नाही, बाबा."

"अगं, मग तुम्ही दोघं जाणार तरी कुठे?"

तिला खरंच माहीत नव्हतं. माहीत होतं तेवढंच तिने सांगितलं. "छापखान्याच्या मागच्या गल्लीत खोल्या बघतोय."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "मला हे पटलेलं नाही. कधी पटेल, असंही वाटत नाही."

अंधारून आलं तशी दोघं रोजच्यासारखी शेजारी बसली आणि प्रार्थना म्हटली. तिचा आवाज मध्येच फुटला, तेव्हा बाबांनी आपला थोडा चढवला. म्हणून झाल्यावर उठताना ते गुडघ्यावर हात टेकून थांबले.

"तळमजल्यावरची खोली घेऊ नका," ते म्हणाले. "ओल येते."