बोरटाकळीची हजेरी

कंडक्टरनं मला चुकीच्या फाट्यावर उतरवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. खरं तर चूक माझीच. खिडकीच्या गजाला डोकं टेकून मी नेहमीसारखी जागेपणी स्वप्नं बघत होते. 'उतरा ताई, आला फाटा' एवढंच कानावर आलं आणि मी उतरले. परळीची एस.टी. धूळ उडवत निघून गेल्यावर पाटी वाचली. मला जायचं होतं दिंद्रुडच्या पुढे, आणि मी उभी होते बोरटाकळीला.

१९९६चा डिसेंबर होता तो. मी, अपेक्षा, नुकतीच बी.ए. झालेली. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, माजलगावात कापडाचं दुकान. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं जोरात चाललेलं, आणि त्या कटकटीतून दिवसभर तरी सुटका व्हावी म्हणून मी ताराबाईंच्या शाळा मंचात नाव घातलेलं. ताराबाई निवृत्त मुख्याध्यापिका. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर लेकरंही गाव सोडतात आणि सहा महिने त्यांची शाळा बुडते. सरकारनं या मुलांसाठी गावातच हंगामापुरतं वसतिगृह काढावं, एवढीच ताराबाईंची मागणी. त्यासाठी आम्ही गावोगाव जाऊन शाळेत खरी मुलं किती, ते मोजत होतो.

पुढची गाडी दोन तासांनी होती. म्हटलं, आलोच आहोत तर हीच शाळा बघू.

कापसाची पांढरीफेक पराटी, अंगाला झोंबणारा गार वारा, आणि धुक्यात अर्धवट बुडालेली दोन खोल्यांची शाळा. आतून हजेरी ऐकू येत होती. आवाज इतका सावकाश, इतका मायेचा, की मी दाराबाहेरच थांबले. गुरुजी एकेक नाव घेत होते आणि मुलं 'हजर' म्हणत होती. पण मधूनच एखादं नाव आलं की एकाऐवजी सगळा वर्ग एका सुरात 'हजर' म्हणायचा. मी बोटांवर मोजत गेले. नावं अठ्ठेचाळीस झाली, हजर अठ्ठेचाळीस झाले. मग आत डोकावले आणि डोकी मोजली. एकोणीस.

"बाकीची एकोणतीस कुठं आहेत?" मी दारातूनच विचारलं. नमस्कार वगैरे विसरूनच गेले.

गुरुजींनी वर पाहिलं. पंचवीस-सव्वीसचा सडपातळ मुलगा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, बाहीला खडू लागलेला. दचकायला हवं होतं त्यानं. तो हसला.

"ऊस तोडायला गेलीत," तो म्हणाला. "पण नाव घेतल्याबिगर मला चैन पडत न्हाई."

त्याचं नाव सिद्धाराम. युसूफ वडगाव नावाच्या गावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, दुकान सोडून गुरुजी झालेला. गेलेल्या मुलाचं नाव आलं की राहिलेल्यांनी त्याच्या वतीनं हजर म्हणायचं, ही रीत त्यानंच पाडलेली, आणि हजेरीपुस्तकातही त्या सगळ्यांपुढे हजरच लिहिलेलं. नाव कापलं की लेकरू वैशाखात परत येतं आणि शाळेत त्याचं काही उरत नाही, असं त्याचं म्हणणं. पोरी तर पुन्हा पाऊलच टाकत नाहीत.

मी भांडलेच त्याच्याशी. पहिल्या भेटीत, त्याच्याच वर्गात. म्हटलं, गुरुजी, तुमच्यासारखे मायाळू लोक गावोगाव आहेत, म्हणून तर कागदावर या जिल्ह्यातलं एकही लेकरू ऊसतोडीला जात नाही. मग सरकार वसतिगृह काढेल कुणासाठी?

त्याचं हसू मावळलं. त्यानं हजेरीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "पटावर किती, अन् समोर किती. दोन्ही लिहा."

एकाही शाळेनं मला आजवर पुस्तक दाखवलं नव्हतं. मी लिहून घेतलं. माझं अक्षर त्या दिवशी कधी नव्हे इतकं वाकडं आलं.

त्यानंतर घरोघरी जाऊन मुलांची माहिती घ्यायची होती. एका दिवसाचं काम. मला चार गुरुवार लागले. ताराबाई नुसत्या चष्म्यावरून बघायच्या.

शाळा सुटली की आम्ही निघायचो. तो सायकल हातात धरून चालायचा, मी पलीकडून. मधे सायकल. सगळा गाव मला ताई म्हणायचा. कडूबाई नावाची सत्तरीची म्हातारी नातीला सांभाळत एकटी राहायची, ती सुद्धा मला ताईच म्हणायची. सिद्धाराम मात्र म्हणत नसे. 'अहो' म्हणे, 'बघा' म्हणे, काहीच सुचलं नाही तर सायकलची घंटी वाजवे, पण ताई म्हणून काही हाक मारेना. हे माझ्या लक्षात आलं त्या दुपारी मी उगाचच लाजले, आणि कडूबाईनं ते बरोबर टिपलं. तिनं आम्हाला आगटीवर भाजलेला हुरडा दिला, आणि मुद्दाम एकाच पळसाच्या पानावर दिला.

"तुमी लई हळू खाता," तो म्हणाला.

"गाडीला वेळ आहे."

"गाडी गेली की. मघाशीच गेली. मला आवाज आला."

"मग सांगितलं का नाही?"

तो हुरड्यातलं कूस फुंकत राहिला. "सांगणारच हुतो..." एवढंच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मला इतकं गोड वाटलं की मी पुढची गाडीही जाऊ दिली असती.

गेलेल्या मुलांना तो पोस्टकार्डं लिहायचा. कारखान्याच्या पत्त्यावर, मुकादमाच्या नावानं. त्यात चार ओळींची गोष्ट आणि खाली दोन गणितं. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, कुणीतरी वाचून दाखवतं म्हणे. उत्तरं क्वचितच यायची, तरी तो लिहायचा. मी म्हटलं, मला नाही आलं कधी पत्र. नुसतं म्हटलं हो. तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुकानात पोस्टमन आला आणि अण्णांनी गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचलं, 'एक सर्वेक्षण एका दिवसात होते, तर त्याच सर्वेक्षणास चार गुरुवार का लागतात? कारणे द्या.'

गिऱ्हाईक हसलं. अण्णांनी कार्ड उलटसुलट करून खालचं 'गुरुजी, बोरटाकळी' पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कापड मोजायला लागले. रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, की हे गुरुजी कुणाचे कोण. मी युसूफ वडगावचं नाव सांगितलं. कल्याणराव, म्हणजे आमचे अण्णा, फार कमी बोलतात. त्यांनी भात मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना चिठ्ठी पाठवून 'एवढ्यात नको' कळवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी माजलगावात जनसुनवाई ठरली. मंगल कार्यालय घेतलेलं, शिक्षण खात्याचे साहेब येणार, गावोगावचे लोक बोलणार. सकाळी मी ताराबाईंकडे कागद लावत बसले होते. त्या म्हणाल्या, सोळा गावांचं काम झालं, पण पटावर किती आणि समोर किती हे दोन्ही आकडे एकाच गावाचे आहेत. बोरटाकळीचे. बाकी सगळं तोंडी. साहेब तोंडी ऐकणार नाहीत. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "पण खोटी हजेरी म्हणजे निलंबन, पोरी. हे ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. त्या पहिल्या दिवशीही ठाऊक होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. तेव्हा तो फक्त एक गुरुजी होता. मी ताराबाईंना म्हटलं, तो कागद राहू दे का? त्या म्हणाल्या, कागद तू आणलास, तूच ठरव. मी ठरवलं. बोरटाकळीचा कागद घडी करून माझ्या पिशवीत टाकला. एकोणतीस मुलांपेक्षा मला एक माणूस जास्त वाटला, हे मी आजही नाकारत नाही. लाज मात्र वाटते.

कार्यालय भरलं होतं. सिद्धाराम मागच्या बाजूला, खांबाशी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. लोक बोलले. साहेब शांतपणे ऐकत होते, आणि मग त्यांनी शांतपणेच सांगितलं, की त्यांच्याकडे प्रत्येक शाळेची हजेरी आहे आणि तिच्यात सगळी मुलं शाळेत आहेत. गळती कुठं आहे? एक शाळा दाखवा. एकच.

ताराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीवर हात दाबून बसले होते. पंखे फिरत होते.

"बोरटाकळी," मागून आवाज आला.

तो खांब सोडून पुढे आला. काखेत हजेरीपुस्तक.

"मी तिथला गुरुजी. माझी हजेरी खोटी हाय. अठ्ठेचाळीस लिहिलेत, शाळेत एकोणीस हायेत." त्यानं पुस्तक उघडलं आणि एकेक नाव वाचायला लागला. नाव, आणि पुढे ते लेकरू आज कुठं आहे ते. "मंगल बंकट कांदे, सांगली. ऊस बांधती. विष्णू सुंदरराव कांदे, कोल्हापूर. तान्ह्या भावाला धरतो..." एकोणतीस नावं. त्यानं एकही घाईनं वाचलं नाही. बायांनी डोळ्यांना पदर लावले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली होती.

मग दोन गोष्टी झाल्या. साहेबांनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं, की पुढच्या हंगामात बोरटाकळीला प्रयोग म्हणून वसतिगृह सुरू करण्याचा प्रस्ताव वर पाठवू. आणि त्याच कारकुनाला, त्याच आवाजात, गुरुजींचा जबाब लिहून घ्यायला सांगितलं. निलंबनाचा कागद चार दिवसांत निघेल, असंही म्हणाले. टाळ्या पहिल्याला पडल्या. दुसरं बहुतेकांना ऐकूच गेलं नाही.

सही करून तो बाहेर आला तेव्हा मी पायऱ्यांवर उभी होते. ऊन कलायला लागलं होतं. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि रडत होते.

"कावून केलंत हे?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्याची बोली कधी बाहेर पडली, कळलंच नाही. "मी वाचवत होते ना तुम्हाला. कागद काढून घेतला होता मी."

"बघितलं म्या. पिशवी कशी धरून बसलता तुमी." तो एक पायरी खाली उतरला, म्हणजे आमचे डोळे सारखे आले. "माझ्यापायी तुमी खोटं वागाय लागला, ते बघवलं न्हाई. मी वागलो तेवढं लई झालं. एका घरात दोन खोटी माणसं न्हाई चालायची."

मी पदरानं नाक पुसता पुसता थांबले.

"कोणत्या घरात?"

आपण काय बोलून बसलो हे त्याला तेव्हा कळलं. कान लाल, मान लाल. बाहेर टांगेवाला गिऱ्हाइकाला हाका मारत होता, आणि मला वाटत होतं, सगळं जग क्षणभर थांबून याच्या उत्तराची वाट बघतंय.

"मला तुमी आवडता," शेवटी तो म्हणाला, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "पैल्या दिवशी भांडलात तवापासून. बोलणार हुतो... पण आता नोकरी न्हाई. कोणत्या तोंडानं बोलू?"

"आत्ता बोललात त्याच. चला, अण्णा दुकानातच असतील. आधी निलंबनाचं सांगायचं, मग हे."

"अन् ते न्हाई म्हणले तर?"

"म्हणू देत. मी हो म्हणलेलं आहे."

"कवा?"

"आत्ताच," मी म्हटलं, आणि त्याच्या काखेतलं हजेरीपुस्तक माझ्या हातात घेऊन दुकानाकडे चालू लागले.