म्हातारीच्या खांद्यावरची रास

बुधवारी दुपारी तीनच्या आत म्हातारीच्या खांद्यावर चढायचं आणि तिथली दगडांची रास साठ पावलं दक्षिणेला परत नेऊन रचायची, एवढंच आमचं काम होतं. रास पुरुषभर उंच होती. आम्ही तिघं होतो, आणि त्यातल्या दोघांचं वय मिळून एकशे त्रेचाळीस होतं.

म्हातारी हा आमच्या स्कार्व्हॉय बेटावरचा डोंगर. ती पांढरी रास तिथं कुणी रचली ते आता कुणालाच ठाऊक नाही. पण समुद्रातून येताना रास आणि खालच्या चर्चचं टोक एकावर एक आलं, की नाकासमोर खोल पाणी असतं. तीच रेघ धरून आत यायचं. रेघ सुटली, तर उजव्या हाताला पाण्याखाली 'भावंडं' बसलेली असतात. तीन खडक. भरतीला दिसत नाहीत. आमच्या चर्चच्या भिंतीवर ज्यांची नावं कोरली आहेत, त्यातली निम्मी या भावंडांची कमाई आहे.

मंगळवारी ही रास हलवली पर्यटन समितीच्या वेगार्डनं. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेकडून, राजधानीतून आलेला हा माणूस वाईट मुळीच नव्हता. त्याचं म्हणणं इतकंच, की जुन्या जागी फोटो काढला तर मागे नुसता कातळ येतो. नव्या जागी दोन्हीकडे समुद्र येतो. ठराव एकमतानं मंजूर झाला होता. त्या समितीत मीही आहे. कॉफी निवत होती, म्हणून मी चटकन हात वर केला होता.

हाल्दोर मात्र रविवारीच आपली होडी घेऊन बाहेरच्या खडकावरच्या झोपडीत मासे धरायला गेला होता. बुधवारी तीनला तो परततो, कारण बुधवारी तो बहिणीकडे, बोर्गहिल्डकडे जेवतो. वय अठ्ठ्याहत्तर. होडीत वाट दाखवणारं यंत्र नाही. फोन आहे, पण तो घरी पावाच्या डब्यात असतो, कारण त्याच्या मते फोननं मासे बिथरतात. नैऋत्येचा वारा चढत होता, बचाव-बोट दोन तास लांब दुसऱ्याच कुणाला ओढत होती, आणि गावातली धडधाकट माणसं मोठ्या बोटींवर उत्तरेला गेली होती.

सकाळी अकराला बोर्गहिल्डनं खिडकीतून वर पाहिलं. मग ती समितीच्या कचेरीत आली.

आमच्या उत्तरेत शिवी म्हणजे मीठ. पाळकाला, पोस्टमनला, स्वतःच्या होडीला आम्ही प्रेमानं घोड्याच्या अवयवांची नावं देतो, आणि त्यात बोर्गहिल्डचा हात धरणारं बेटावर कुणी नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "वेगार्ड, तुला सवड असेल, तर कृपा करून माझ्याबरोबर वर येशील का?"

वेगार्डला वाटलं, बाई शांत आहे. मी मुकाट्यानं बूट घालायला घेतले.

पायवाटेनं गेलं तर साडेचार तास लागतात, म्हणून आम्ही घळीची वाट धरली. त्याआधी दलदल लागली. बोर्गहिल्ड रबरी बुटांनी सरळ पाणी कापत निघाली. वेगार्डच्या नव्याकोऱ्या बुटांनी प्रत्येक पावलाला एकेक घोट घेतला. तिथं स्कुआ पक्ष्यांची घरटी होती. जगातल्या सगळ्या आयांमध्ये ही आई सर्वांत तापट. एकीनं वरून झेप घेतली आणि वेगार्डच्या टोपीवर चोच मारली! काठी डोक्यावर उभी धर, म्हणजे ती काठीला मारेल, असं मी त्याला सांगितलं. थोडं उशिरा सांगितलं, हे खरं. मीही रागात होतो. आणि स्वतःवरचा राग दुसऱ्याच्या टोपीवर काढायला बरा पडतो.

घळीत हिवाळ्याचा बर्फ अजून घट्ट होता. त्याचा उतार सरळ खालच्या कातळात संपत होता. बर्फात बुटाच्या टोकानं पायऱ्या पाडायचं काम वेगार्डनं आपणहून घेतलं आणि चांगलं केलं, हे रागातसुद्धा सांगितलं पाहिजे. अर्ध्यावर माझा पाय सुटला. मी घसरलो. हात बर्फावर ओरखडत गेले. पकड नाही! खाली कातळ. आणि कुणीतरी माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला. वेगार्ड पालथा पडला होता, एक हात बर्फात कोपरापर्यंत रुतवून, दुसऱ्या हातात मी.

वरून बोर्गहिल्डनं अत्यंत सौजन्यानं विचारलं, की आमचं झालं असेल तर पुढे निघायचं का.

खांद्याखालच्या धारेवर वारा असा झोडपत होता की उभं राहता येईना. आम्ही रांगत गेलो. दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही वर होतो आणि माझ्या तोंडात रक्ताची चव होती.

रास नव्या जागी होती. सुंदर होती. शेजारी लोखंडी खांबावर फलक होता: 'येथे थांबा आणि श्वास घ्या.' मी थांबलो आणि श्वास घेतला. मग वरचा दगड उचलायला गेलो, तर तो हलेना.

वेगार्ड मान खाली घालून म्हणाला, की लोक आठवण म्हणून दगड नेतात, त्यामुळे त्यानं सांध्यात सिमेंट भरलं होतं.

बोर्गहिल्ड त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती समुद्राकडे बघत होती. फेसाळ करड्या पाण्यात एक ठिपका वर येत होता, बुडत होता, पुन्हा वर येत होता. हाल्दोर लवकर निघाला होता.

"जॅकेटं काढून हलवू या," वेगार्ड म्हणाला.

"तोही हात हलवेल," बोर्गहिल्ड म्हणाली. " त्याला वाटेल, पर्यटक आहेत."

"मग रास पुन्हा रचायला किती वेळ लागेल?"

मी म्हणालो, निदान तासभर. तेही सिमेंट नसतं तर. ठिपक्याला आता डोलकाठी फुटली होती. फार तर वीस मिनिटं.

बोर्गहिल्ड माझ्याकडे वळली. "धुक्यात रास दिसली नाही, तर तो काय करतो?"

"बाहेरच थांबतो. नाहीतर उत्तरेकडून वळसा घालतो."

"मग पाडा ही."

"पण मग खूणच उरणार नाही," वेगार्ड म्हणाला.

"खूण नसली की माणूस थांबतो, वेगार्ड. खोटी असली की येतो."

वेगार्डनं स्वतःच्या फलकाला मिठी मारली आणि तो खांबासकट उपटला! खांबाचं टोक राशीच्या पायथ्याशी घातलं. आम्ही तिघं त्याच्यावर लोंबकळलो. काही नाही. पुन्हा. खांब वाकला. पुन्हा! थंडीमुळे आतलं सिमेंट अजून पुरतं सुकलं नव्हतं; कुठंतरी ओल्या पावासारखा तुकडा सुटला. एक दगड निघाला. मग दुसरा. खाली होडी चर्चच्या रेषेकडे वळायला लागली होती. बोर्गहिल्डनं राशीला पाठ लावली, टाचा कातळात रोवल्या, आणि त्या दिवसातली पहिली शिवी दिली. ती वेगार्डला, समितीला, फोटो काढणाऱ्या समस्त मानवजातीला आणि मला अशी वाटून दिलेली होती. रास कलली. गडगडली. कातळावर पांढरे दगड लोळत गेले, आणि तिथं फक्त आकाश उरलं.

होडी तशीच येत होती.

आम्ही मोजत होतो की श्वास रोखून होतो, आता आठवत नाही. भावंडांवर पाणी फुटलं. होडी वर आली. मग तिचं नाक हललं. ती लाटेला आडवी झाली, एवढी कलली की तिचं लाल पोट दिसलं, आणि वळली. खुल्या समुद्राकडे तोंड करून ती उत्तरेला निघाली.

बोर्गहिल्ड दगडांत मटकन बसली.

हाल्दोर सातला धक्क्याला लागला. चार तास वळसा घालून तो चिंब भिजला होता, जेवण चुकलं होतं, आणि त्याच्या तोंडून जे निघत होतं ते ऐकून समुद्रपक्षीसुद्धा लांब जाऊन बसले. रास कुणी पाडली, असं त्यानं विचारलं.

"मी," बोर्गहिल्ड म्हणाली.

"हलवली मी होती," वेगार्ड म्हणाला.

मी हात वर केला. या वेळी कॉफी नव्हती.

सगळं ऐकून घेतल्यावर हाल्दोरनं वेगार्डला सांगितलं, उद्या सहाला वर जायचं. तो स्वतः होडीत बसून झेंड्यानं जागा दाखवणार, आणि बोटभर जरी चुकली तरी पुन्हा रचायची. वेगार्डनं मान हलवली. हाल्दोर दोरी बांधायला वाकला, पण गाठ मारता मारता थांबला.

"पन्नास वर्षं बघतोय मी तिच्याकडे," तो म्हणाला. "पडताना दिसली. पण चुकीच्या जागी उभी होती, ते मला कळलं नाही. मी येत होतो."

हे त्यानं इतक्या संतापानं सांगितलं, की त्याला धीर द्यायला आमच्यापैकी कुणीही पुढं झालं नाही.